सगळ्या तक्रारींचा एकच पत्ता

साहेबांनी आमच्या तक्रारींचा गठ्ठा टेबलावरून माझ्याकडे परत सरकवला आणि म्हणाले, "मॅडम, ये सब तो एक ही जगह से आया है."

गठ्ठा इंदूरला कोचिंगसाठी येऊन भंवरकुआंच्या हॉस्टेलांमध्ये राहणाऱ्या मुलींचा होता. तक्रार सगळ्यांची जवळपास सारखीच. इमारतीला जिने दोन, त्यातल्या दुसऱ्याला कुलूप, किल्ली वॉर्डनकडे, आणि वॉर्डन झोपायला स्वतःच्या घरी जाते. प्लायवूडच्या भिंती घालून एका खोलीच्या तीन केलेल्या, खाली मेस, मेसमध्ये गॅस. आग लागली तर मुलींनी कुठून उतरायचं? एकीने तर लिहिलं होतं की आमच्याकडे कुलूप लावलेल्या त्या जिन्यातच मेसचे भरलेले सिलेंडर ठेवतात. म्हणजे ज्या वाटेने पळायचं, तीच वाट स्फोटकांची कोठी. आमची मागणी काय होती? तपासणी करा. बस. अग्निसुरक्षेच्या या खात्याचं कामच ते आहे, त्यासाठीच त्यांना पगार मिळतो.

साहेबांच्या शेजारी हॉस्टेलमालकांचे प्रतिनिधी बसले होते. आमच्या सुनावणीला ते साहेबांच्या बाजूच्या खुर्चीत का, असं मी विचारलं तेव्हा साहेब म्हणाले, पंखा उधर ही है. प्रतिनिधी खजरान्याच्या गणपतीचं दर्शन घेऊन आले होते. लाडवांचा डबा उघडून त्यांनी सगळ्यांना प्रसाद दिला, मलाही दिला. मग बोटं रुमालाला पुसून गठ्ठा चाळला आणि पानाच्या तळाशी असलेल्या बारीक आकड्यांवर बोट ठेवलं.

"सर, ज़रा ये नीचे का नंबर देखिए. हर पन्ने पर वही."

खरंच तेच होतं. पहिल्या पानावर, मधल्या पानावर, शेवटच्या पानावर. इंटरनेटवर प्रत्येक जोडणीला आकड्यांचा एक पत्ता असतो, तो आमच्या प्रत्येक तक्रारीखाली छापलेला होता, आणि सगळ्या तक्रारींखाली एकच होता.

"बेटा," प्रतिनिधी फार गोड आवाजात म्हणाले, "इतनी मेहनत की, थोड़ी और कर लेतीं. दो-चार दोस्तों के घर से भी भेज देतीं."

साहेब हसले. तिथला कॉम्प्युटर ऑपरेटर हसला. माझ्या हातात अर्धा लाडू होता. तो फेकता येत नाही आणि खाताही येत नाही, अशी ती स्थिती. मी पत्रकं हिंदीत लिहिते, घोषणा हिंदीत देते, पण राग मला मराठीत येतो. जे तोंडात आलं ते त्या खोलीत कोणाला कळलं नसेल, आणि ते बरंच झालं.

आता हे आकडे तिथे आले कसे, ते सांगते.

आमचा गट कॉलेजपासूनचा. आम्ही पत्रकं काढत मोठे झालो. पत्रकाच्या तळाशी मुद्रक कोण, प्रकाशक कोण, हे छापावंच लागतं. नाहीतर पत्रक बेवारस, आणि वाटणारा आत. आमच्या गटात वयाने मोठे एक भिया आहेत. भिया म्हणजे इंदुरी भैया, आम्ही त्यांना नुसतं तेवढंच म्हणतो. ही तळाची ओळ त्यांनी आमच्या डोक्यात इतकी ठोकून बसवली आहे की मला वाटतं आम्ही घरच्या किराणा सामानाच्या चिठ्ठीवरही मुद्रकाचं नाव टाकू. म्हणून तक्रारींचा फॉर्म वेबसाइटवर न्यायचं ठरलं तेव्हा भिया म्हणाले, "नाव नको, ठीक आहे. पण प्रत्येक तक्रारीखाली ती कुठून आली ते छापलं गेलं पाहिजे. उगमाशिवाय कागदाला वजन नाही." सगळ्यांनी माना हलवल्या. मीसुद्धा. मुलींना आम्ही सांगितलं होतं, नाव देऊ नका, बिनधास्त लिहा. आणि त्याच कागदाच्या तळाशी आम्ही त्यांचा पत्ता छापायची सोय करत होतो. बैठकीत एकालाही त्यात काही खटकलं नाही. सवय ही अशी चीज असते.

सुरुवातीला सगळं एकाच जुन्या कॉम्प्युटरवर होतं. पलासियाला एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर वकीलकाकांचं ऑफिस आहे, त्यांनी आम्हाला एक कोपरा दिलेला. पहिली तक्रार यायच्या आधीच एका दुपारी फॉर्म उघडेना. आमच्यात तांत्रिक गोष्टी कळणारी एकच व्यक्ती होती, ती म्हणजे ताई. सांगलीची, इथे एका कंपनीत नोकरीला आलेली. माझ्या इंदुरी मराठीला हसायला म्हणून बैठकीला यायला लागली आणि मग अडकली. तिने पाहिलं आणि सांगितलं की कोणीतरी बाहेरून पासवर्ड लावून लावून बघतंय.

"अगं, तुमचं दुकान आणि तुमची तिजोरी एकाच खोलीत आहे," ती म्हणाली. "दुकानाचं शटर तोडलं की तिजोरी समोरच."

वेबसाइटमध्ये दोन कामं असतात. एक, येणाऱ्याला फॉर्म दाखवायचा आणि त्याने भरलेलं घ्यायचं. ते वेब सर्व्हरचं काम. दुसरं, ते वाचायचं, तपासायचं, जपून ठेवायचं. ते ॲप्लिकेशन सर्व्हरचं. ताई म्हणाली, दोघांना वेगवेगळ्या मशीनवर बसवू. बाहेरचं मशीन भाड्याचं, कुठल्यातरी डेटा सेंटरमधलं. त्याला जग बघेल, शिव्या देईल, लाथा मारेल. आतलं मशीन काकांच्या ऑफिसात. त्याच्याशी फक्त बाहेरचं मशीन बोलेल, दुसरं कोणी नाही. हॉस्टेलवाल्याने बाहेरचं फोडलं तरी तक्रारी तिथे नसतीलच.

मला हे फार आवडलं. कोणालाच थेट आपल्यापर्यंत पोचता येत नाही, ही भावना चळवळीत दुर्मीळ आहे.

रविवारी आम्ही जोडायला बसलो. फॉर्म दिसायला लागला, पण भरून पाठवला की पडद्यावर इंग्रजीत एकच ओळ.

"काय म्हणतंय?" काकांनी विचारलं.

"बॅड गेटवे."

"शिवी आहे का?"

"नाही हो काका," ताई म्हणाली. "बाहेरचं मशीन सांगतंय की मी आत निरोप पाठवला, आतून उत्तर नाही."

मग तिने आतलं मशीन तपासलं आणि माझ्याकडे वळली. "तुमचा ॲप्लिकेशन सर्व्हर फक्त स्वतःच्याच मशीनवरून आलेलं ऐकतोय. बाहेरून कोणी बोललं की कान बंद. तुमच्या बैठकीत मी बोलायला लागले की होतं ना, अगदी तसंच."

"अरे यार, आता टोमणे नको, करून टाक ना."

"'करून टाक ना' म्हणे. तू कर. मी सांगते."

तर मीच केलं. आधी त्याला बाहेरचं ऐकायला लावलं. मग फायरवॉलमध्ये एकच दार उघडलं आणि त्यावर लिहिलं की इथून फक्त त्या एका भाड्याच्या मशीनला प्रवेश. काकांकडे ऑफिसच्या कॅमेऱ्यांसाठी कायमचा इंटरनेट पत्ता घेतलेला होता, म्हणून बाहेरच्या मशीनला आतलं मशीन रोज शोधत बसावं लागणार नव्हतं. मधला रस्ताही ताईने सांकेतिक करून टाकला, म्हणजे वाटेत कोणी कान लावला तरी त्याला गिचमिड ऐकू यावं. पुन्हा फॉर्म भरला. गेला! काकांनी खालून कचोऱ्या मागवल्या.

आणि त्याच रविवारी, आमच्या नाकासमोर, ते झालं. आतल्या मशीनला आता मुली दिसतच नव्हत्या. त्याच्याकडे येणारं सगळं त्या एका बाहेरच्या मशीनकडून येत होतं, म्हणून त्याने इमानदारीने प्रत्येक तक्रारीखाली त्याच मशीनचा पत्ता लिहिला. प्रत्येक तक्रार वेगळ्या पानावर छापायची, तळाची ओळ बारीक अक्षरात. आम्ही कुलुपाबद्दल वाचत होतो, सिलेंडरबद्दल वाचत होतो. तळाचे आकडे कोण वाचतं? ज्याला मजकूर वाचायचा नसतो, तो.

सुनावणीनंतर मी ताईच्या ऑफिसखाली जाऊन उभी राहिले आणि ती उतरली तशी तिच्यावर ओरडले. तिने सगळं ऐकून घेतलं.

"चूक माझी पण आहे," ती म्हणाली. "पण उपाय सोपा आहे. बाहेरच्या मशीनला सांगायचं की निरोप आत देताना सोबत मूळ माणसाचा पत्ताही दे. आणि आतल्याला सांगायचं की ही चिठ्ठी फक्त याच मशीनने आणली तर खरी मान. दोन-तीन ओळींचं काम."

"आत्ता कर."

"पाणी तरी पिऊ दे, बाई."

झालं. तेव्हापासून येणाऱ्या प्रत्येक तक्रारीखाली वेगळे आकडे. भिया खूश. पुढच्या सुनावणीला त्या लाडूवाल्याच्या तोंडावर फेकू म्हणाले. मीही खूश होते. आम्ही जुन्या मुलींना पुन्हा तक्रार पाठवायला सांगणारं पत्रक काढलं आणि छाती फुगवून त्यात लिहिलं की आता तुमच्या तक्रारीचा स्वतःचा पत्ता आमच्याकडे नोंदला जाईल, कोणी तिला खोटी म्हणू शकणार नाही.

पत्रकाच्या तळाशी माझा नंबर होता. दुसऱ्या दिवशी फोन आला. मुलीचा आवाज, मागे रस्त्यावरचे हॉर्न.

"दीदी, सिलेंडर वाली शिकायत मेरी है. पता मत छापना, प्लीज़."

मी तिला समजावायला लागले की आकड्यांवरून नाव कळत नसतं वगैरे. तिने मला मधेच तोडलं. त्यांच्या हॉस्टेलचं वायफाय मालकाचं आहे. ते सुरू करताना प्रत्येकीला खोलीचा नंबर टाकावा लागतो. कोणत्या खोलीतून कधी काय उघडलं, हे मालकाच्या पुतण्याच्या लॅपटॉपवर दिसतं. एका मुलीच्या घरी त्याने फोन करून सांगितलंही होतं की आपकी बेटी पढ़ती कम है, देखती ज़्यादा है. आमच्या कागदावर हॉस्टेलचा पत्ता आणि तक्रार पाठवल्याची वेळ छापली गेली की त्याला फक्त स्वतःच्या यादीत ती वेळ शोधायची होती.

"मोबाइलवरून का नाही पाठवली?" मी विचारलं.

"हमारे कमरे में नेटवर्क नहीं आता, दीदी. प्लाई के बीच में हूँ, खिड़की नहीं है." मग म्हणाली, "अगले महीने एग्ज़ाम है. निकाल देंगे तो पापा वापस बुला लेंगे. फिर नहीं भेजेंगे."

तिने नाव सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. ती दुसऱ्या कोणाच्या तरी फोनवरून बोलत होती, तो ज्याचा होता त्याने तो परत मागितल्याचं ऐकू आलं.

एका मुलीची परीक्षा, तिचं घरी परत न जाणं, आणि एका इमारतीतला जिना. माझ्यासमोर एवढंच होतं, आणि आम्ही ते सगळं एका बारीक ओळीत छापायला निघालो होतो.

बैठक झाली. मी म्हटलं, पत्ते छापायचे नाहीत. भिया म्हणाले, मग पुन्हा बोगस ठरू. एका मुलीसाठी सगळ्या इमारतींतल्या मुलींचं काम थांबवायचं का? लढाईत थोडं सोसावं लागतं.

"कोण सोसणार?" मी विचारलं. "तुम्ही? तुमचा तर स्वतःचा मकान आहे."

"पर्सनल जाऊ नको."

"जाणार. तिचं पर्सनलच आहे सगळं. तिची खोली, तिचा नंबर, तिचा बाप. आपलं काय जाणार आहे? आपण पत्रक काढू की अमुक विद्यार्थिनीवर अन्याय. तळाशी मुद्रकाचं नाव टाकून."

भिया उठून गॅलरीत गेले. ताई तेव्हा म्हणाली की अजून एक गोष्ट आहे, आणि ती तुम्हाला आवडणार नाही. बाहेरचं मशीन पहिल्या दिवसापासून प्रत्येक येणाऱ्याचा खरा पत्ता स्वतःच्या नोंदीत लिहीत होतं. सगळेच वेब सर्व्हर लिहितात, मुद्दाम बंद केलं नाही तर. म्हणजे आम्ही ज्या भाड्याच्या मशीनला खुशाल लाथा खायला बाहेर बसवलं होतं, त्याच्याच खिशात सगळ्या मुलींची यादी होती.

आम्ही मुलींना बिनधास्त लिहा म्हणत होतो! आपण काय वापरतोय हे माहीत नसताना दुसऱ्याला निर्धास्त करणं, याला मला शब्द सापडत नाही, आणि सापडला तरी तो छापण्यासारखा नसेल. त्या बैठकीतच आम्ही बाहेरची नोंद पुसली आणि बंद केली. मूळ पत्ता आत देणाऱ्या त्या दोन-तीन ओळीही काढल्या आणि आलेले खरे पत्ते खोडले. आतलं मशीन पुन्हा पहिल्यासारखं झालं. त्याला सगळं जग एकाच चेहऱ्याचं दिसायला लागलं.

"आता पुढच्या वेळी साहेबांना काय सांगणार?" भियांनी गॅलरीतून आत येत विचारलं. आवाज उतरला होता.

"सांगणार नाही," मी म्हटलं. "त्यांनाच करायला लावणार."

सुनावणीला मी आणि काका गेलो. प्रतिनिधी पंख्याखाली बसलेलेच होते. साहेबांनी विचारलं, नवीन काय आणलं? मी म्हटलं, काही नाही, तेच कागद आहेत, फक्त आपण स्वतः एक तक्रार करून बघा. आपल्या फोनवरून. काहीही लिहा.

साहेबांना वाटलं त्यात काही सापळा आहे. होताच. पण ऑपरेटरला उत्सुकता होती. त्याने स्वतःच्या फोनवर फॉर्म उघडून लिहिलं की कँटीनचा चहा पातळ असतो. ते बघून साहेबांनीही लिहिलं. त्यांनी काय लिहावं? पंखा आवाज करतो म्हणून!

मी लॅपटॉपवर दोन्ही पानं उघडली आणि स्क्रीन त्यांच्याकडे फिरवली. तळाचे आकडे वाचायला सांगितले. मग जुना गठ्ठा शेजारी ठेवला. तेच आकडे.

"तो सर, पंखे वाली शिकायत भी मैंने ही की?" मी विचारलं. "आपके फोन में घुसकर?"

ऑपरेटर हसला आणि लगेच थांबला. काकांनी मग त्यांच्या कोर्टातल्या संथ हिंदीत समजावलं की मधे एक मशीन आहे, सगळे त्याच्यामार्फतच येतात, म्हणून आत त्याचाच पत्ता उमटतो. यावरून तक्रार खरी की खोटी ते ठरत नाही. ते ठरवायचं असेल तर जिना बघायला जा. चालत दहा मिनिटं आहे.

"लेकिन ये लोग असली पता क्यों नहीं रखते?" प्रतिनिधी म्हणाले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज गोड नव्हता. "छुपाने की क्या ज़रूरत है? सिस्टम में तो आ ही सकता है."

यांना ठाऊक होतं. पहिल्या दिवशी बोट ठेवलं तेव्हापासून ठाऊक होतं! त्यांना आम्हाला नुसतं खोटं ठरवायचं नव्हतं. आम्ही चिडून खरे पत्ते आणावेत, हे हवं होतं. आणि मी ते जवळजवळ आणून त्यांच्या पुढ्यात ठेवले असते, वर पत्रक काढून.

"ठेवत नाही," मी मराठीतच म्हटलं, आणि मग हिंदीत, मोठ्याने, "नहीं रखते. रखेंगे भी नहीं."

साहेबांनी बराच वेळ काही लिहिलं. मग तपासणीचा आदेश काढतो म्हणाले. "तकनीकी बात थी, पहले बताना था," असंही म्हणाले, जणू सगळा उशीर आमच्यामुळे झाला. मी तोंड उघडलं तेव्हा काकांनी माझ्या चपलेवर बूट ठेवला.

बाहेर पॅसेजमध्ये प्रतिनिधी मागून आले. आवाज परत गोड. "बेटा, वो सिलेंडर वाली बच्ची कौन है? बस नाम बता दो. हम ही उसका ध्यान रखेंगे, हमारी भी बेटी जैसी है."

"नहीं पता."

"अरे, पता तो होगा."

"नहीं पता, अंकल. सच में." आणि ते खरं होतं. मला माहीत नव्हतं, काकांना माहीत नव्हतं, दोन्ही मशीनना माहीत नव्हतं. त्यांनी माझा चेहरा नीट न्याहाळला, खोटं शोधत. मिळालं नाही तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं, ते बघून मला जितका आनंद झाला तितका मला गेल्या कित्येक मोर्च्यांत झालेला नाही.

तपासणी झाली. आधी कळवून झाली, अर्थातच. तपासणीवाले आले तेव्हा कुलूप नव्हतं, सिलेंडर नव्हते, जिना धुतलेला होता. सिलेंडरवाल्या हॉस्टेलसमोर आम्ही रस्त्याच्या पलीकडे उभे होतो, आत सोडलं नाही. कोचिंगहून परतणाऱ्या मुली आमच्याकडे न बघता आत जात होत्या. त्यांतली एखादी ती असेल. मी कोणाकडेच नीट पाहिलं नाही. पुतण्या गेटवर उभा राहून आम्ही कोणाकडे बघतो ते बघत होता.

अहवालात लिहिलं गेलं की दुसरा जिना मोकळा आढळला. आमच्या तक्रारीत तथ्य आढळलं नाही, असंही लिहिलं गेलं. त्या दोन ओळी एकीखाली एक आहेत, आणि सही करणाऱ्याला त्यात काही वावगं वाटलं नाही.

परवा फॉर्मवर एक तक्रार आली. तळाशी आता काहीच छापून येत नाही, ती ओळच आम्ही काढून टाकली आहे. कोणी पाठवली ते मला माहीत नाही.

"पीछे वाली सीढ़ी अब खुली रहती है. हम लोग सुबह उसी से उतरते हैं. पर नीचे दरवाज़े के सामने मालिक की गाड़ी खड़ी रहती है. दरवाज़ा आधा खुलता है. एक-एक करके निकलना पड़ता है, बैग उतारके."

मी ते छापलं. काकांना फोन केला, ते म्हणाले सोमवारी जाऊ. मी म्हटलं सोमवारी कशाला, ऑफिस आज पाचपर्यंत उघडं आहे.